न्यूटनचा निर्वाळा आणि दोन काचा

बाल्टिक समुद्राच्या काठावरचं डान्झिग, म्हणजे आजचं पोलंडमधलं गदान्स्क, हे सतराव्या शतकातलं भरभराटीचं व्यापारी बंदर होतं. तिथला योहान हेवेलियस घराण्याचा बिअर गाळण्याचा धंदा सांभाळून रात्री आकाश न्याहाळत असे. १६७३ साली त्याने आपल्या उपकरणांवर एक सचित्र ग्रंथ छापला. त्यातलं एक चित्र आजही पाहणाऱ्याला थबकायला लावतं. मोकळ्या जागेत रोवलेला सुमारे ९० फूट उंचीचा, जहाजाच्या डोलकाठीसारखा खांब, त्यावरून सोडलेले दोर, कप्प्या, आणि त्या दोरांना टांगलेली १५० फूट लांबीची दुर्बीण. एवढ्या लांबीची बंद नळी स्वतःच्याच वजनाने वाकली असती, म्हणून फळ्या जोडून उघडी पन्हळ केलेली. एका टोकाला वस्तुभिंग, दुसऱ्या टोकाला डोळा लावायचं भिंग. दुर्बीण हलवायची तर दोर ओढायला माणसं लागत. दमट हवेत दोर आखडत, फळ्यांना बाक येई आणि वारा सुटला की सगळा सांगाडा थरथरू लागे.

गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत गुरूचे चंद्र पाहिले, तेव्हा त्याची दुर्बीण एका माणसाला सहज उचलता येत होती. पुढच्या साठेक वर्षांत ती डोलकाठीवर चढली. ही हौस नव्हती, नाइलाज होता. तो कशामुळे आला आणि त्यातून सुटका कशी झाली, ही विज्ञानाच्या इतिहासातली मोठी विलक्षण हकिकत आहे. त्यात एका महापुरुषाची चूक आहे, एका वकिलाचं गुपित आहे, एक रेशीम विणणारा आहे, एक खटला आहे आणि पडलेल्या घराच्या ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेला एक पोरका मुलगा आहे.

आधी भिंगाचं काम समजून घेऊ. प्रकाशकिरण हवेतून काचेत शिरला की त्याचा वेग कमी होतो. तो पृष्ठभागावर अगदी लंब आला तर दिशा न बदलता पुढे जातो. तिरका आला तर वळतो, आणि जितका तिरका तितका अधिक वळतो. या वळण्याचा नेमका नियम बगदादच्या इब्न सहलने ९८४ च्या सुमारास मांडला होता. युरोपात तो हॉलंडच्या स्नेलला १६२१ मध्ये पुन्हा गवसला आणि १६३७ मध्ये देकार्तने तो छापून प्रसिद्ध केला. बहिर्वक्र भिंगाच्या मधोमध दोन्ही पृष्ठं एकमेकांना समांतर असतात, म्हणून तिथून जाणारा किरण सरळच जातो. मध्यापासून कडेकडे सरकावं तशी ती पृष्ठं एकमेकांकडे झुकत जातात. भिंगाची कडेकडची प्रत्येक बारीक पट्टी म्हणजे एक लहानसा लोलकच असतो, आणि कडेकडे जावं तसा त्या लोलकाचा कोन वाढतो. मध्यापासून लांब पडलेल्या किरणाला जास्त वळायचं असतं, आणि नेमका तिथेच त्याला जास्त कोनाचा लोलक भेटतो. त्यामुळे ताऱ्याकडून समांतर आलेले किरण एका बिंदूत, म्हणजे नाभीपाशी, एकत्र येतात. भिंगापासून तिथवरचं अंतर ते नाभीय अंतर. गोलाईची किमया ती हीच.

पण लोलक प्रकाश नुसता वळवत नाही, तो रंगही वेगळे करतो. जांभळा सर्वांत जास्त वळतो, तांबडा सर्वांत कमी. भिंगाच्या कडा लोलकासारख्या असतील तर लोलकाचा हा गुणही भिंगात येणारच. आकडा घेऊन पाहू. साध्या क्राऊन काचेचं, म्हणजे खिडकीच्या तावदानाच्या जातीच्या काचेचं, एक मीटर नाभीय अंतराचं भिंग घेतलं, तर त्याच्या तांबड्या आणि निळ्या किरणांच्या नाभींमध्ये सुमारे दीड सेंटिमीटरचं अंतर पडतं. निळ्या रंगावर प्रतिमा नीट बसवली की तांबडा पसरतो, तांबड्यावर बसवली की निळा पसरतो. चंद्राच्या कडेला रंगीत झालर लागते आणि गुरूभोवती जांभळट धूसर वलय दिसतं. हाच भिंगाचा वर्णदोष.

भिंगाचा व्यास तेवढाच ठेवून नाभीय अंतर वाढवलं, तर या रंगीत झालरीची रुंदी बदलत नाही. प्रतिमा मात्र मोठी होते. मोठ्या प्रतिमेला तेवढीच झालर कमी खुपते. म्हणून दुर्बिणी लांब लांब होत गेल्या. त्यातला जाच असा की व्यास दुप्पट करून दुप्पट बारीक तपशील तितकेच स्वच्छ दिसायला हवे असतील, तर लांबी चौपट करावी लागते. शनीचा चंद्र टायटन शोधणारा ख्रिस्तियान हायगेन्स आणि त्याचा भाऊ कॉन्स्टंटाइन हे दोघं स्वतः भिंगं घासत. हायगेन्सने तर नळी पार टाकूनच दिली. वस्तुभिंग उंच खांबावर बसवायचं, त्याला दोरी बांधायची, आणि ती दोरी ताणून हातातल्या भिंगाने अंधारात प्रतिमा शोधायची. त्यांच्या भिंगांपैकी एकाचा व्यास सुमारे साडेसात इंच होता आणि नाभीय अंतर होतं १२३ फूट. हे आकडे लक्षात ठेवू. पुढे त्यांची गरज लागणार आहे.

या टप्प्यावर आयझॅक न्यूटन या कथेत येतो. १६६६ च्या सुमारास तो गोलाईखेरीज इतर आकारांची भिंगं घासण्याच्या खटपटीत होता. त्या काळच्या जाणकारांचा समज असा होता की दोष भिंगाच्या आकारात आहे, योग्य वक्र साधला की प्रतिमा निर्मळ होईल. लोलकाच्या प्रयोगांनी न्यूटनला दाखवून दिलं की पांढरा प्रकाश निरनिराळ्या रंगांच्या किरणांचा मिळून झालेला असतो, आणि प्रत्येक रंग काचेत आपापल्या मापाने वळतो. आकार कितीही अचूक साधला तरी सगळे रंग एका नाभीत येणार नाहीत. आरशाची गोष्ट वेगळी. परावर्तनात सगळे रंग एकाच कोनातून परततात. म्हणून न्यूटनने १६६८ मध्ये जेमतेम सहा इंच लांबीची आरशाची दुर्बीण स्वतःच्या हातांनी बनवली. तशाच दुसऱ्या दुर्बिणीने १६७१ च्या अखेरीस लंडनच्या रॉयल सोसायटीला थक्क केलं.

इथवर न्यूटनचं सारं बरोबर होतं. चूक झाली ती पुढच्या पावलात. वेगवेगळ्या दोन पदार्थांची भिंगं जोडली, तर एकाने पसरवलेले रंग दुसऱ्याने गोळा करता येतील का, असा प्रश्न उरत होता. न्यूटनने पाण्याने भरलेल्या लोलकाच्या आकाराच्या भांड्यात काचेचा लोलक ठेवून पाहिलं. १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’ ग्रंथात त्याने निष्कर्ष लिहिला तो असा: बाहेर पडणारा किरण आत येणाऱ्या किरणाला समांतर असेल तर तो पांढराच राहतो, आणि किरण वळलेला असेल तर त्यात रंग दिसतात. म्हणजे वळणं आणि रंगांचं फाकणं यांचं प्रमाण सगळ्या पदार्थांत सारखंच. ते सारखं असेल, तर रंग घालवायचे म्हणजे वळणही घालवायचं. आणि न वळवणारं भिंग काय कामाचं? भिंगाच्या दुर्बिणी सुधारण्याची आशा न्यूटनने सोडून दिली. एका प्रयोगावरून, हाताशी असलेल्या एका जोडीवरून, त्याने जगातल्या सगळ्या पारदर्शक पदार्थांबद्दल निर्वाळा दिला. ‘ऑप्टिक्स’ प्रसिद्ध झालं तेव्हा तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष होता. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पुढचं अर्धं शतकभर ती पुसायला फारसं कुणी पुढे आलं नाही.

जो पुढे आला तो धंद्याने वकील होता. एसेक्समधला चेस्टर मूर हॉल हा लंडनच्या इनर टेंपलचा सभासद आणि फावल्या वेळात प्रकाशशास्त्रात रमणारा. माणसाच्या डोळ्यात निरनिराळे द्रव असतात आणि तरीही आपल्याला रंगीत झालरी दिसत नाहीत, यावरून त्याच्या मनाने घेतलं की योग्य पदार्थांची जोडी रंग घालवू शकेल. १७२९ च्या सुमारास त्याला ती जोडी सापडली. इंग्लंडमध्ये तेव्हा दोन तऱ्हांची काच सहज मिळे. एक क्राऊन काच. दुसरी फ्लिंट काच, म्हणजे शिसं घातलेली जड, लखलखीत काच. जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने १६७४ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं आणि तिचे पेले, झुंबरं घरोघरी पोचली होती. फ्लिंट काच क्राऊनपेक्षा किरण थोडासाच जास्त वळवते, पण रंग मात्र कितीतरी जास्त फाकवते.

सगळं मर्म या तफावतीत आहे. एक मीटर नाभीय अंतराची निर्दोष दुर्बीण करायची, तर क्राऊन काचेचं सुमारे ४३ सेंटिमीटर नाभीय अंतराचं जोरकस बहिर्वक्र भिंग घ्यायचं आणि त्याला फ्लिंट काचेचं सुमारे ७६ सेंटिमीटर नाभीय अंतराचं सौम्य अंतर्वक्र भिंग जोडायचं. क्राऊन किरणांना आत वळवते, फ्लिंट बाहेर. फ्लिंट सौम्य असल्यामुळे ती क्राऊनचं वळण पूर्ण पुसू शकत नाही, एक मीटरचं वळण शिल्लक राहतं. रंगांच्या बाबतीत मात्र तीच फ्लिंट काच दांडगी असल्यामुळे क्राऊनने फाकवलेले तांबडे आणि निळे किरण ती बरोबर जुळवून टाकते. वळण उरतं आणि रंग जातात. न्यूटनने जे अशक्य म्हटलं होतं ते हेच.

आपली युक्ती कुणाला कळू नये म्हणून हॉलने एक भिंग एडवर्ड स्कार्लेट या कारागिराकडे करायला टाकलं आणि दुसरं जेम्स मान याच्याकडे. या दोघांनीही आपापलं काम नेमकं एकाच माणसाकडे सोपवलं, जॉर्ज बासकडे. एक बहिर्वक्र, एक अंतर्वक्र, दोन्हींचं गिऱ्हाईक एकच, आणि एकाची गोलाई दुसऱ्यात चपखल बसणारी. बासने दोन्ही एकावर एक ठेवून पाहिली असणार आणि त्याला झालरीविना स्वच्छ प्रतिमा दिसली असणार, कारण हॉलचं गुपित त्याच्याकडूनच पुढे पसरलं. १७३३ पर्यंत हॉलकडे अडीच इंच व्यासाची आणि जेमतेम वीस इंच लांबीची दुर्बीण तयार होती. पण त्याने लेख लिहिला नाही, पेटंट घेतलं नाही, कुणाला दाखवून दिलं नाही. पंचवीस वर्षं ही विद्या एका वकिलाच्या घरात आणि काही कारागिरांच्या बोलण्यात पडून राहिली. युरोपभरचे खगोलवेत्ते तोवर जुन्या अडचणीशी झुंजत होते.

इकडे बर्लिनमध्ये लेओनहार्ड ऑयलरने १७४७ मध्ये डोळ्याचाच दाखला देऊन मांडलं की काच आणि पाणी यांच्या मिलाफातून निर्दोष भिंग शक्य आहे. खरं तर डोळ्यातही वर्णदोष असतो, आपल्याला तो जाणवत नाही इतकंच. आधार चुकीचा असूनही निष्कर्ष बरोबर निघाला. ऑयलरला ज्याने हिरिरीने विरोध केला, तो म्हणजे लंडनचा जॉन डॉलंड.

डॉलंड हा फ्रान्समधून धर्मछळामुळे परागंदा झालेल्या ह्यूगनॉट कुटुंबातला. लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात तो रेशीम विणायचा. मागावर बसून पोट भरायचं आणि उरल्या वेळात गणित, प्रकाशशास्त्र, लॅटिन, ग्रीक स्वतःच शिकायचं, असा त्याचा नेम. मुलगा पीटर याने १७५० मध्ये प्रकाशीय उपकरणांचं दुकान थाटलं आणि दोन वर्षांनी बापही माग सोडून त्यात उतरला. त्या सुमाराची त्याची पत्रं रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापलेली आहेत. न्यूटनसारख्याचा प्रयोग चुकेल हे त्याला मान्य नव्हतं, आणि त्याने ते ऑयलरला स्पष्ट कळवलं. मग स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातला सॅम्युएल क्लिंगेनस्टिएर्ना याने गणिताने दाखवून दिलं की न्यूटनचा निष्कर्ष खुद्द वक्रीभवनाच्या नियमाशीच जुळत नाही. हे टिपण डॉलंडच्या हाती पडलं.

आणि डॉलंडने न्यूटनचा प्रयोग स्वतः करून पाहिला. दोन काचपट्ट्या कडेने जोडून त्याने पाचरीसारखं भांडं केलं. पट्ट्यांमधला कोन हवा तसा कमीजास्त करता येत होता. त्यात पाणी भरलं आणि काचेचा लोलक उलट्या दिशेने बसवला. मग पट्ट्यांचा कोन हळूहळू बदलत तो पलीकडच्या वस्तूकडे पाहत राहिला. एका कोनात वस्तू ना वर सरकलेली दिसली, ना खाली. म्हणजे पाण्याचं वळण आणि काचेचं वळण यांची बरोबर फिटंफाट झाली होती. न्यूटनच्या म्हणण्याप्रमाणे आता रंग दिसता कामा नव्हते. पण वस्तूच्या कडा रंगांनी माखलेल्या होत्या. ज्या निर्वाळ्याच्या बाजूने त्याने छापील बाजू मांडली होती, तो त्याच्याच डोळ्यांसमोर खोटा ठरला होता.

पाणी सोडून डॉलंड काचांकडे वळला. क्राऊन आणि फ्लिंट यांचे लोलक घासून, पारखून त्याला आढळलं की दोघांच्या वळणांचं प्रमाण फ्लिंट २ आणि क्राऊन ३ असं धरलं की रंग एकमेकांना खातात. १७५८ मध्ये त्याने हे प्रयोग रॉयल सोसायटीपुढे मांडले. आपलं आधीचं मत प्रयोगाने मोडलं, हेही लपवलं नाही. त्याच वर्षी त्याला सोसायटीचं कोपली पदक मिळालं आणि पेटंटही त्याच वर्षी झालं. डॉलंडचा जावई आणि स्वतः नामांकित उपकरणकार असलेला जेसी रॅम्सडेन पुढे सांगत असे, की बासकडून डॉलंडच्या कानावर दोन काचांची गोष्ट आधीच गेली होती. ते धरून चाललं, तरी प्रमाण मोजणं, कारण सिद्ध करणं आणि जगासमोर ठेवणं हे डॉलंडचंच काम. १७६१ च्या नोव्हेंबरात तो वारला, आणि दुकानाबरोबर पेटंटही पीटरकडे आलं.

पीटर धंद्यात पक्का होता. परवान्याविना अशी भिंगं विकणाऱ्यांच्या मागे तो लागला, तेव्हा १७६४ मध्ये लंडनच्या ३५ चष्मेवाल्यांनी आणि उपकरणकारांनी सरकारकडे अर्ज केला: हा शोध डॉलंडचा नाहीच, हॉलचा आहे, पेटंट रद्द करा. १७६६ मध्ये चॅम्पनेस नावाच्या उपकरणकाराविरुद्ध खटला उभा राहिला. हॉलने आधी शोध लावला होता, हे न्यायाधीश लॉर्ड कॅमडेन यांनी मान्य केलं. तरीही निकाल डॉलंडच्या बाजूने लागला. आपला शोध मेजाच्या कप्प्यात कुलूपबंद करून ठेवणाऱ्याचा त्याच्या लाभावर हक्क पोचत नाही, ज्याने तो लोकांच्या हिताला लावला त्याचा पोचतो, असा त्या निकालाचा आशय होता. हॉल तेव्हा हयात होता. तो १७७१ मध्ये वारला, पण त्याने कधीही दावा सांगितला नाही.

भिंगाचं कोडं सुटलं तरी काचेचं सुटलं नव्हतं. फ्लिंट काचेत शिसं असतं, आणि ते जड असल्यामुळे वितळलेल्या रसात खाली बसू लागतं. थंड झालेल्या गोळ्यात दाट-विरळ थर राहतात, साखरेच्या पाकासारख्या शिरा दिसतात. पेल्यासाठी त्या चालतात, दुर्बिणीला मुळीच चालत नाहीत, कारण प्रत्येक शीर प्रकाशाला आपल्या मर्जीने वळवते. चार इंचांहून मोठी निर्दोष फ्लिंट चकती मिळणं दुरापास्त होतं. त्यात ब्रिटिश सरकारने १७४५ मध्ये काचेवर कर बसवला होता, तो पुरती शंभर वर्षं टिकला. भट्टीतल्या प्रत्येक फसलेल्या प्रयोगाचा भुर्दंड इंग्लिश कारागिराला बसे.

मार्ग निघाला स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागात. घड्याळांच्या घंटा ओतणाऱ्या पिएर लुई गिनाँने वर्षानुवर्षं भट्टी पेटवली, आणि अखेर त्याला उपाय सापडला. रस नुसता तापवत ठेवायचा नाही, भट्टीतल्याच मातीच्या दांड्याने तो ढवळत राहायचा. त्याने बुडबुडे वर येत, शिसं तळाशी बसत नसे आणि काच एकजीव होई. १८०५ च्या सुमारास त्याला बव्हेरियातल्या बेनेडिक्टबॉयर्न इथल्या कारखान्यात बोलावून नेण्यात आलं. तिथे त्याची गाठ पडली योजेफ फ्राउनहोफरशी.

फ्राउनहोफर आईबापांविना वाढलेला, म्युनिकमध्ये काच कापणाऱ्याकडे उमेदवारी करणारा मुलगा. १८०१ मध्ये मालकाचं घर कोसळलं आणि चौदा वर्षांचा तो पोर ढिगाऱ्याखाली सापडला. सुटकेच्या वेळी बव्हेरियाचा राजा होऊ घातलेला माक्सिमिलियान जातीने हजर होता. त्याने मुलाला १८ सोन्याची नाणी दिली, आणि उद्योजक उट्झश्नायडरने पुस्तकं. त्या पैशातून फ्राउनहोफरने काच घासायचं यंत्र घेतलं आणि उरलेल्या उमेदवारीतून स्वतःला सोडवून घेतलं.

भिंगाचं गणित अचूक करायचं तर काच अमुक रंग किती वळवते, हे नेमकं मोजावं लागतं. पण तांबडा म्हणजे कुठला तांबडा? वर्णपटात तो कुठे संपतो आणि नारिंगी कुठे सुरू होतो? १८१४ मध्ये सूर्याच्या वर्णपटात फ्राउनहोफरला शेकडो बारीक काळ्या रेषा दिसल्या. त्याने ५७४ रेषा नोंदल्या आणि ठळक रेषांना अक्षरांची नावं दिली. पुढच्या पिढ्यांनी त्याच रेषांवरून सूर्यात कोणती मूलद्रव्यं आहेत ते ओळखलं. फ्राउनहोफरला मात्र त्या हव्या होत्या काच मोजण्यासाठी. त्याच्या हाती आता रंगांच्या पट्ट्यावर कधीही न हलणाऱ्या खुणा होत्या.

१८२४ मध्ये त्याने डॉर्पाट, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या टार्टू शहराच्या वेधशाळेसाठी दुर्बीण पाठवली. वस्तुभिंगाचा व्यास साडेनऊ इंचांहून अधिक, लांबी सुमारे १४ फूट. हायगेन्सच्या साडेसात इंची भिंगाला १२३ फूट लागले होते. फ्राउनहोफर १८२६ मध्ये अवघ्या ३९ व्या वर्षी गेला. डॉर्पाटच्या त्याच दुर्बिणीने खगोलवेत्ता स्ट्रूव याने अभिजित ताऱ्याचं अंतर मोजण्याचा प्रयत्न १८३७ मध्ये जाहीर केला, आणि पुढच्या वर्षी खगोलवेत्ता बेसेल याने फ्राउनहोफरच्याच दुसऱ्या उपकरणाने हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचं अंतर खात्रीने मोजलं. तारे किती दूर आहेत, हे माणसाला पहिल्यांदा कळलं ते दोन काचांच्या मेळाने.

पुढे हाच मेळ सूक्ष्मदर्शकात शिरला. १८३० मध्ये लंडनचा मद्यव्यापारी जोसेफ जॅक्सन लिस्टर याने त्याची पद्धत बसवली. १८८४ मध्ये जर्मनीतल्या येना इथे अबे आणि शॉट यांनी कारखाना काढून बेरियम, बोरॉन घातलेल्या नव्या काचांचा खजिनाच उघडला. १८९७ मध्ये अमेरिकेतल्या यर्किस वेधशाळेत ४० इंची भिंगाची दुर्बीण बसली. त्यापुढे भिंग स्वतःच्याच वजनाने वाकू लागतं, कारण त्याला फक्त कडेने आधार देता येतो. म्हणून आजच्या मोठ्या दुर्बिणी आरशाच्याच आहेत. न्यूटनने निवडलेला आरसा जिंकला खरा, पण त्याने दिलेल्या कारणासाठी नव्हे. आपल्या कॅमेऱ्यांत आणि सूक्ष्मदर्शकांत मात्र क्राऊन-फ्लिंटचे वंशज आजही जोडीने बसलेले असतात.

न्यूटनच्या आधीचे लोक दोष आकारात शोधत राहिले. न्यूटनने तो प्रकाशात दाखवला आणि तिथेच थांबला. उपाय काचेच्या जातीत होता, आणि काचेची जात भट्टीशी, घासणीशी, तावदानांच्या आणि पेल्यांच्या बाजाराशी ज्यांचा रोजचा संबंध होता त्यांच्या हाती लागली. डॉलंडकडून मी सर्वांत जास्त घेतो ते असं: न्यूटनवर त्याची श्रद्धा होती, ती त्याने जाहीरपणे मांडली होती, आणि तरीही त्याने पाण्याचं भांडं भरून प्रयोग केला. मग जे दिसलं ते स्वतःच्या छापील शब्दाविरुद्ध जात असूनही तसंच लिहिलं. हॉलची बुद्धी त्याच्याहून कमी नव्हती, किंबहुना पाव शतक पुढे होती. पण ती कप्प्यात राहिली, आणि तेवढी वर्षं आकाश पाहणाऱ्या प्रत्येकाला तिची किंमत मोजावी लागली.